हवा सर्वांची एकच, मग आजार काहींनाच का? प्रदूषण, अनुवंश, हृदय आणि फुप्फुसे

निरभ्र

निरोगी तरुण स्वयंसेवकांना हवाबंद खोलीत नेऊन व्यायाम करायला लावायचा आणि त्या खोलीतील हवेत मोजूनमापून ओझोन मिसळायचा, असे प्रयोग गेली अनेक दशके होत आले आहेत. काही तासांनी त्यांची श्वसनक्षमता मोजली, म्हणजे खोल श्वास घेतल्यावर पहिल्या सेकंदात ते किती हवा जोराने बाहेर सोडू शकतात हे पाहिले, तर काहींच्या आकड्यात जवळजवळ काहीच फरक पडलेला नसतो आणि काहींचा आकडा चांगलाच घसरलेला असतो. मला विलक्षण वाटते ते याच्या पुढचे निरीक्षण. त्याच माणसांना काही महिन्यांनी पुन्हा त्याच खोलीत बसवले, तर पहिल्या खेपेस ज्यांची क्षमता घसरली होती त्यांचीच पुन्हा घसरते, आणि तीही साधारण तितकीच. हा त्या दिवशीच्या झोपेचा किंवा जेवणाचा परिणाम नव्हे, त्या माणसाच्या शरीरात मुळातच काहीतरी वेगळे आहे, असे मानणे मग भाग पडते.

घरातही हेच पाहिल्यामुळे हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही तिघे भावंडे वाहत्या रस्त्याकडे खिडकी असलेल्या एकाच खोलीत वाढलो. थोरल्याला लहानपणापासून दमा आहे, आम्हा उरलेल्या दोघांना साधा खोकलाही टिकत नाही.

मला जेवढे समजले आहे ते मांडतो, चुकले असेल तेथे दुरुस्त करावे. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे कण. माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे. नाक आणि श्वासनलिकेतील चिकट स्राव मोठे कण अडवतात, हे मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांच्या पृष्ठभागावर लोह, तांबे यांसारखे धातू आणि अर्धवट जळालेल्या इंधनातील सेंद्रिय संयुगे चिकटलेली असतात आणि त्यांच्यामुळे पेशींत ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात. पेशी स्वस्थ बसत नाही. एनआरएफ२ नावाचे एक प्रथिन केंद्रकात शिरते आणि बचावाच्या अनेक जनुकांना एकाच वेळी कामाला लावते. त्यांतून ग्लुटाथायोन हा बचावाचा छोटा रेणू आणि तो विषारी रेणूंना जोडून त्यांची वासलात लावणारी एन्झाइमे तयार होतात. हा बचाव पुरला तर गोष्ट तेथेच संपते. तोकडा पडला तर दाह सुरू होतो.

दाह फुप्फुसापुरता राहत नाही, म्हणून हा हृदयाचाही विषय आहे. दाहजनक रसायने रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. फुप्फुसातील मज्जातंतूंमार्फत हृदयाच्या लयीवरचे स्वायत्त नियंत्रण ढळते. आणि सर्वांत बारीक कण स्वतःच रक्तात शिरू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे ४२ लाख अकाली मृत्यू झाले आणि त्यांपैकी सुमारे ६८ टक्के हृदयविकार व पक्षाघाताचे होते. बहुतेकांच्या मनात मात्र धूर म्हटला की खोकला आणि दमाच येतो.

आता अनुवंशाकडे. वर सांगितलेल्या बचावाच्या प्रत्येक टप्प्यामागे जनुके आहेत आणि जनुकांत माणसागणिक फरक असतो. सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो ग्लुटाथायोन जोडणारे एक एन्झाइम घडवणाऱ्या जीएसटीएम१ या जनुकाचा. ते पहिल्या गुणसूत्रावर असते, निदान असायला हवे; कारण त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एकसारखे क्रम असल्यामुळे पेशीविभाजनाच्या वेळी गफलत होते आणि मधले जनुक पूर्णच गळून पडते. आईवडील दोघांकडूनही अशी रिकामी जागा वारशाने आली, तर त्या माणसात हे एन्झाइम तयारच होत नाही. जीएसटीपी१, एनक्यूओ१ आणि दाहाशी संबंधित टीएनएफ, टीएलआर४ ही या यादीतली पुढची नावे. मग प्रदूषणाने होणाऱ्या आजारात जनुकांचा वाटा किती धरायचा, आणि तो कळल्यावर त्याचे काय करायचे?

काजवा

लेख आवडला, पण वाचून धास्तीही वाटली. माझ्या वडिलांना पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. धाकट्या काकांना पन्नाशीच्या आत एम्फिसिमाचे, म्हणजे फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती नष्ट होत जाण्याच्या आजाराचे, निदान झाले. दोघांनीही आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही. या दोन घटनांमुळे मी मध्यंतरी लाळेच्या नमुन्यावरून जनुके तपासून देणाऱ्या एका कंपनीकडून स्वतःची चाचणी करून घेतली होती. अहवालात जीएसटीएम१ पुढे 'अनुपस्थित, विषनिर्मूलन क्षमता कमी' असा लाल अक्षरांतला शेरा आहे आणि त्याच्याच खाली त्यांच्याकडूनच मागवायच्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांची शिफारस आहे. मी या शेऱ्याला किती महत्त्व द्यावे?

तळटीप

फारच थोडे. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण निम्म्या माणसांमध्ये जीएसटीएम१ नसते आणि इतर लोकसमूहांतही हे प्रमाण मुळीच नगण्य नाही. ज्या 'दोषा'त जगाचा एवढा मोठा हिस्सा मोडतो त्याला लाल शाई वापरणे ही विक्रीची कला झाली, वैद्यक नव्हे. शरीरात या कुळातली इतरही एन्झाइमे आहेत आणि त्यांची कामे बऱ्याच प्रमाणात एकमेकांवर पडतात.

निरभ्र यांचे विवेचन नेटके आहे, पण त्यात एक उणीव आहे. त्यांनी नावे घेतलेली बहुतेक जनुके ज्या पद्धतीने पुढे आली ती पद्धत अशी: संशोधकांनी जैवरसायनशास्त्राचा विचार करून एखादे जनुक आधीच निवडले, काहीशे माणसांत ते तपासले आणि प्रदूषणाचा परिणाम एका गटात अधिक दिसला की निबंध प्रसिद्ध केला. ज्या दहा जनुकांत काही सापडले नाही त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही. साहजिकच पुढच्या अभ्यासांत यांतले अनेक निष्कर्ष टिकले नाहीत, काही तर उलटे आले. शिवाय जनुकाचा स्वतंत्र परिणाम शोधणे आणि 'जनुक व हवा यांचा एकमेकांवर होणारा परिणाम' शोधणे यांत संख्याशास्त्राच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. दुसऱ्या कामाला पहिल्याच्या निदान चौपट माणसे लागतात. आणि इथे 'हवा' मोजणेही कच्चे असते. घराच्या पत्त्यावरून काढलेली वार्षिक सरासरी म्हणजे त्या माणसाने प्रत्यक्ष ओढलेली हवा नव्हे.

संपूर्ण जनुकसंचाची छाननी करणारे मोठे अभ्यास अधिक विश्वासार्ह आहेत. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५ लाख ८० हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केलेल्या अभ्यासात श्वसनक्षमतेशी निगडित एक हजाराहून जास्त आनुवंशिक खुणा सापडल्या. एकेका खुणेचा परिणाम क्षुल्लक आहे. आणि त्यांतल्या पुष्कळशा धुराचा निचरा करण्याशी नव्हे, तर फुप्फुसाची जडणघडण कशी होते याच्याशी संबंधित दिसतात. म्हणजे बचावाची फळी पाहण्याआधी मुळात इमारत कशी बांधली गेली आहे ते पाहायला हवे. श्वासनलिकेच्या फांद्यांची ठेवणही सर्वांची सारखी नसते. साधारण चारांतल्या एका माणसात ती पाठ्यपुस्तकातल्या आकृतीहून वेगळी असते. २०१८च्या एका अभ्यासात अशा काही वेगळ्या ठेवणींचा संबंध सीओपीडीशी (श्वासमार्गात कायमचा अडथळा आणणारा दीर्घकालीन आजार; एम्फिसिमा त्यातच मोडतो) आढळला आणि त्यांतल्या एका ठेवणीमागे एफजीएफ१० या जनुकातला फरक होता.

गोळ्यांबद्दल एवढेच सांगतो, की अँटिऑक्सिडंट म्हणजे निरुपद्रवी असे समजू नका. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष १९९४) बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला.

निरभ्र

तळटीप यांचा आक्षेप मान्य आहे, पण तो संपूर्ण क्षेत्राला लागू होत नाही, कारण काही पुरावा निरीक्षणांपलीकडचा, प्रत्यक्ष प्रयोगाचा आहे. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात परागकणांची ॲलर्जी असलेल्या १९ जणांच्या नाकात एकदा नुसते परागद्रव्य आणि एकदा त्यासोबत डिझेलच्या धुराचे कण सोडले. डिझेलमुळे ॲलर्जीची प्रतिक्रिया वाढली ती सर्वांतच, पण ज्यांच्यात जीएसटीएम१ नव्हते त्यांच्यात ती कितीतरी अधिक वाढली. माणसे थोडी होती हे खरे. पण इथे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती, त्यामुळे पत्त्यावरून हवा मोजण्याची अडचणही नव्हती.

मेक्सिको शहरातील दमेकरी मुलांवरचा अभ्यास मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. तेथे ओझोनची पातळी फार असायची. १५८ मुलांपैकी काहींना रोज २५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व दिले, उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी जीएसटीएम१ नसलेल्या मुलांत ओझोन वाढला की बारीक श्वासनलिकांतील हवेचा प्रवाह घटत असे. जीवनसत्त्वे घेणाऱ्या तशाच मुलांत ही घट दिसली नाही. यावरून काजवा यांनी गोळ्या मागवाव्यात असे मी म्हणत नाही. ती मुले दमेकरी होती, ओझोन प्रचंड होता आणि पूरक मात्रा माफक होती. परंतु जनुक, हवा आणि बचाव यांचे नाते निव्वळ कागदी नाही एवढे यातून दिसते.

काजवा, मला तुमच्या लाल शेऱ्यापेक्षा काकांची हकिकत जास्त महत्त्वाची वाटते. धूम्रपान न करणाऱ्या माणसाला पन्नाशीच्या आत एम्फिसिमा झाला, तर एका आनुवंशिक कारणाचा विचार डॉक्टरांनी करायलाच हवा, ते म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता. १९६३मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी तिचे वर्णन केले. रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी करून पाहताना सुमारे १५०० नमुन्यांपैकी पाचांत एक ठरावीक पट्टाच दिसत नव्हता आणि त्या पाचांपैकी तिघांना तरुण वयात एम्फिसिमा झालेला होता. रोगजंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचे एन्झाइम सोडतात. ते फुप्फुसाची लवचीक चौकटही कुरतडू शकते आणि त्याला आवर घालण्याचे काम अल्फा-१ करते. सर्पिना१ जनुकाची 'झेड' आवृत्ती दोन्ही पालकांकडून आली, तर हे प्रथिन यकृतातच अडकून पडते आणि फुप्फुस उघडे पडते. त्यात धुराची भर पडली की दुहेरी मार बसतो. धुराने आणखी पांढऱ्या पेशी गोळा होतात, आणि जे थोडेफार अल्फा-१ शिल्लक असते त्याच्यातील मेथिओनाइन हा मोक्याचा अमिनो आम्ल घटक ऑक्सिडीकरणाने निकामी होतो. ब्रिटनमधील अशा रुग्णांच्या पाहणीत हवेतील पीएम १० आणि श्वसनक्षमतेची वेगवान घट यांचा संबंध आढळला आहे. सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची ही चाचणी एकदा तरी व्हावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७मध्येच केली होती. साधी रक्ततपासणी आहे. काकांची झाली आहे का?

काजवा

झालेली नाही. कोणी सुचवलीच नव्हती. पुढच्या भेटीत विचारते.

रानवारा

चर्चा पुन्हा फुप्फुसाकडेच वळली. काजवा यांच्या वडिलांचे काय? हृदयाच्या बाबतीत जनुकांचा असा काही पुरावा आहे का?

पैलतीर

मी हृदयरोगाच्या रुग्णांत काम करते, त्यामुळे या बाजूचे थोडे वाचन आहे. बोस्टन परिसरातील निवृत्त सैनिकांचा एक दीर्घकाळ चाललेला अभ्यास आहे. त्यांत हृदयाच्या ठोक्यांमधील अंतरात क्षणोक्षणी होणारा बारीक बदल मोजला होता. हा बदल असणे हे प्रकृती चांगली असल्याचे लक्षण आहे. ठोके घड्याळासारखे काटेकोर पडू लागले, तर स्वायत्त मज्जासंस्थेची पकड ढिली झाली असे समजायचे. २००५च्या निबंधानुसार जीएसटीएम१ नसलेल्या पुरुषांत आदल्या ४८ तासांतील पीएम २.५ दर १० मायक्रोग्रॅमने वाढल्यावर या बदलाचा एक घटक ३४ टक्क्यांनी घटला. ज्यांच्यात ते जनुक होते त्यांच्यात परिणाम दिसला नाही. आणखी एक गोष्ट अशी, की कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांत, जनुक नसले तरी, हा परिणाम नाहीसा झाला होता. तळटीप विचारण्यापूर्वीच सांगते, माणसे सुमारे पाचशे होती आणि त्यांचे लहान लहान गट पाडलेले होते, तेव्हा ३४ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला अधिक विचार करायला लावतो. एचएफई जनुकाच्या काही आवृत्त्यांमुळे शरीरात लोह साठण्याचा आजार होतो. लोह हे ऑक्सिडीकरणाला खतपाणी घालणारे, म्हणून अशा लोकांना धुराचा त्रास जास्त व्हावा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट दिसले. पीएम २.५चा हृदयगतीवरील परिणाम 'सामान्य' आवृत्ती असलेल्यांत आढळला आणि बदललेली आवृत्ती असलेल्यांत आढळला नाही. कदाचित या आवृत्त्यांमुळे कणांवरील धातू फुप्फुसात वेगळ्या रीतीने हाताळले जात असतील. एकच आवृत्ती एका संदर्भात दोष ठरते आणि दुसऱ्यात कवच ठरते, त्यामुळे 'चांगली' आणि 'वाईट' जनुके अशी वाटणी करणे मी सोडून दिले आहे.

रक्तगटाचीही एक गोष्ट आहे. हिवाळ्यात थंड हवेचा थर दऱ्यांत कोंडला जाऊन धूर साचतो, अशा अमेरिकेतील युटा भागातील रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) प्रदूषणाच्या दिवसांत हृदयविकाराचा तीव्र झटका येण्याचा धोका ओ गटाच्या लोकांपेक्षा इतर गटांच्या लोकांत अधिक वाढलेला दिसला. यामागे जीवशास्त्रीय कारण असू शकते. ओ गटाच्या लोकांच्या रक्तात गोठण्याच्या प्रक्रियेतील व्हॉन विलेब्रँड हा घटक सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी असतो. मात्र ओ गटालाही धोका वाढतोच, फक्त कमी वाढतो. 'माझा रक्तगट ओ आहे, मला धुराची भीती नाही' असे मला एका रुग्णाने सांगितले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

काजवा, वडिलांच्या बाबतीत मात्र मी हवेच्याही आधी कोलेस्टेरॉल पाहीन. ऐन पंचेचाळिशीत झटका येणे आणि घराण्यात तसा इतिहास असणे यावरून आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलची शंका घ्यायला हवी. ते तपासता येते आणि त्यावर उपायही आहे. असे कोलेस्टेरॉल असलेल्या माणसाला प्रदूषणही जास्त बाधू शकेल, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात. एपीओई जनुक काढून टाकलेल्या, म्हणजे रक्तवाहिन्यांत मेद साचण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांना २००५च्या एका प्रयोगात महिनोन्महिने पीएम २.५ असलेली हवा दिली, तेव्हा गाळलेली स्वच्छ हवा मिळालेल्या उंदरांपेक्षा त्यांच्या महारोहिणीत मेदाचे थर जास्त साठले, विशेषतः सोबत चरबीयुक्त आहार असताना.

रानवारा

सविस्तर उत्तरासाठी आभार. सिगारेट न ओढणाऱ्यांना होणारा फुप्फुसाचा कर्करोगही याच आनुवंशिक प्रवृत्तीत मोडतो का? ईजीएफआर या जनुकातील बदलाविषयी बरेच ऐकू येते.

पैलतीर

येथे एक गल्लत नेहमी होते. ईजीएफआरमधील ते बदल सहसा वारशाने आलेले नसतात, ते वयानुसार फुप्फुसाच्या एखाद्या पेशीत आपोआप घडतात आणि म्हणूनच ते पुढच्या पिढीत जात नाहीत. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०२३मध्ये दाखवले, की कर्करोग नसलेल्या फुप्फुसाच्या ऊतींतही असे बदल आढळतात; तपासलेल्या नमुन्यांपैकी १८ टक्क्यांत ईजीएफआरमधील कर्करोगकारक बदल होते. या पेशी वर्षानुवर्षे गप्प पडून असतात. पीएम २.५मुळे तेथील भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहजनक रसायन सोडतात आणि त्या दाहामुळे गप्प पेशींना वाढीची संधी मिळते. उंदरांमध्ये हे इंटरल्यूकिन रोखले, तेव्हा गाठी कमी झाल्या. म्हणजे जनुकीय बदल आणि आनुवंशिक बदल हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

तळटीप

सर्व पुरावा मान्य केला, तरी तो कळून करायचे काय, हा निरभ्र यांचा दुसरा प्रश्न उरतोच आणि तोच मला अधिक चिंतेचा वाटतो. श्वासावाटे होणाऱ्या आजारांत जनुकाची भूमिका कोठे ठळक दिसली असेल तर ती बेरिलियमच्या धुळीत. अणुउद्योगात आणि विमाननिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या या धातूमुळे काही कामगारांच्या फुप्फुसांत गाठी होऊन ती कायमची निकामी होऊ लागतात. १९९३मध्ये असे आढळले, की एचएलए-डीपीबी१ या जनुकात ६९व्या स्थानी ग्लुटामिक आम्ल देणारी आवृत्ती ९७ टक्के रुग्णांत होती आणि त्याच धुळीत काम करूनही निरोगी राहिलेल्यांत ३० टक्क्यांत. इतका स्पष्ट निष्कर्ष या क्षेत्रात क्वचितच मिळतो. तरीही ती आवृत्ती असलेले बहुतेक कामगार आजारी पडत नाहीत. म्हणजे चाचणीवरून नोकरी नाकारायची ठरवली, तर एका खऱ्या रुग्णाला वाचवण्यासाठी अनेक निरोगी माणसांची भाकरी काढून घ्यावी लागेल, आणि धूळ जशीच्या तशी राहील.

ही कल्पना जुनीच आहे. कुंभारकामाच्या कारखान्यांतील कामगारांना होणाऱ्या श्वासनलिकादाहाविषयी जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३८मध्ये लिहिले होते, की बहुसंख्य कामगार त्याने मरत नाहीत. कदाचित विशिष्ट प्रकृतीच्या लोकांनाच तो होत असेल आणि तसे असल्यास अशांना त्या धंद्यात घेतलेच नाही, तर आजार नाहीसा करता येईल. हाल्डेन यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, तरीही हे वाक्य वाचताना 'मग धुळीचे काय?' असे विचारावेसे वाटते. अमेरिकेत २००८च्या कायद्याने आनुवंशिक माहितीवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली, ती याच भीतीपोटी.

दुसरा मुद्दा जेफ्री रोझ या साथरोगतज्ज्ञांनी १९८५मध्ये मांडला. समजा, जगातला प्रत्येक माणूस दिवसाला २० सिगारेट ओढत असता, तर फुप्फुसाचा कर्करोग हा निव्वळ आनुवंशिक आजार आहे असाच निष्कर्ष प्रत्येक अभ्यासाने काढला असता, कारण रुग्ण आणि निरोगी यांच्यातला उरलेला फरक फक्त जनुकांचाच असता. हवा ही सर्वांनी ओढायची वस्तू आहे. एखाद्या शहरात सगळेच सारखी वाईट हवा ओढत असतील, तर 'जनुकांचा वाटा' मोठा दिसणारच. त्यावरून हवेचा वाटा लहान ठरत नाही. निरभ्र, तुमच्या पहिल्या प्रश्नाला 'इतके टक्के' असे उत्तर मिळू शकत नाही ते यामुळेच. हवा बदलली की टक्केवारीही बदलते.

काजवा

तर्क पटतो, पण थोडा एकांगी वाटतो. हवा उद्याच्या उद्या स्वच्छ होणार नाही. माझे मूल इतरांपेक्षा नाजूक आहे हे मला आधी कळले, तर मी काहीतरी करू शकेन. नोकरी देणाऱ्याने ती माहिती वापरू नये हे मान्य, पण आईने का वापरू नये?

निरभ्र

आईने जरूर वापरावी, फक्त त्यासाठी जनुकापेक्षा सरळ माहिती हाताशी असते. मुलाला दमा आहे का, घराण्यात कमी वयात हृदयविकार किंवा सीओपीडी झालेला कोणी आहे का, मूल वेळेआधी जन्मले होते का, आणि श्वसनक्षमता मोजली असता ती कशी आहे, या चार प्रश्नांची उत्तरे आजच्या कोणत्याही जनुकीय गुणांकापेक्षा जास्त सांगतात. उपायही जनुकागणिक बदलत नाहीत. धुराच्या दिवशी पळापळीचे खेळ घरात किंवा दुसऱ्या वेळी, घरात धूर नको, दम्याचे औषध नियमित, वर्दळीच्या रस्त्याकडेची खिडकी गर्दीच्या तासांत बंद. माझ्या भावाला यातले काहीच मिळाले नव्हते.

आणि तळटीप यांच्या बाजूने एक पुरावा मीच देतो. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९३पासून मुलांच्या फुप्फुसांची वाढ मोजली जात आहे. २००४च्या निबंधानुसार ज्या वस्तीत पीएम २.५ सर्वाधिक होते तेथील १८ वर्षांच्या मुलांपैकी ७.९ टक्के मुलांची श्वसनक्षमता अपेक्षेच्या ८० टक्क्यांहून कमी होती. सर्वांत स्वच्छ वस्तीत हे प्रमाण १.६ टक्के होते. त्या भागातील हवा सुधारत गेली, तशा पुढे जन्मलेल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारली, असे २०१५च्या निबंधात दिसले. दशक-दीड दशकात मुलांची जनुके बदललेली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने पीएम २.५ची वार्षिक मर्यादा २०२१मध्ये १० वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली. नाजूक प्रकृतीच्या माणसाला कोणीही आधी शोधून काढलेले नसताना त्याचे रक्षण करायचे असेल, तर मर्यादा त्याच्या हिशेबानेच ठरवावी लागते.

काजवा

काकांचा अहवाल आला, म्हणून हा धागा पुन्हा वर आणते आहे. अल्फा-१ची पातळी सामान्य आहे. वडिलांच्या कोलेस्टेरॉलची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. अहवाल पाहून डॉक्टरांनी काकांना एक प्रश्न विचारला, जो आजवर आमच्यापैकी कोणीही विचारला नव्हता: तुम्ही आयुष्यभर काम काय केले? काकांनी सत्तावीस वर्षे बंद शेडमध्ये वेल्डिंग केले आहे, पंखासुद्धा दाराशी होता. आम्ही सगळे त्यांचे 'निर्व्यसनी' असणेच सांगत बसलो होतो.

तळटीप

वेल्डिंगच्या धुराला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग करणारे म्हणून सिद्ध झालेल्या गटात घातले आहे. शिवाय त्या धुरामुळे न्यूमोकोकस जंतूच्या न्यूमोनियाचा धोका वाढतो आणि ब्रिटनमध्ये वेल्डरांना त्याची लस घेण्याचा सल्ला दिला जातो. काकांनी ती घेतली नसेल तर डॉक्टरांशी बोला.

निरभ्र

एक शंका राहते. अल्फा-१ हे दाहाच्या काळात वाढणारे प्रथिन आहे. छातीत संसर्ग असताना रक्त घेतले असेल, तर मुळात थोडी कमी असलेली पातळीही सामान्य दिसू शकते. रक्त दिले तेव्हा काकांना ताप किंवा वाढलेला खोकला होता का?

काजवा

ताप नव्हता, पण खोकला वाढलेला होता आणि प्रतिजैविक सुरू होते. महिन्याभराने पुन्हा रक्त द्यायला त्यांना घेऊन जाते.